देव्हाऱ्याशेजारचा फ्यूज

अण्णा, तुम्ही फार जपून काम करणारे होतात, असं तुम्हाला ओळखणारी जी काही माणसं उरली आहेत ती अजून सांगतात. मी ऐकून घेते. गिरगावातल्या आपल्या चाळीचा तळमजला, पुढच्या खोलीत तुमचा कारखाना आणि मागच्या खोलीत आपला संसार. मध्ये एक निळा पडदा. पडद्याच्या पलीकडे तुम्ही काचेची नळी ज्योतीवर धरून वळवायचात आणि तिचं एखादं अक्षर व्हायचं. अलीकडे आई भाकऱ्या थापायची. निऑनची पाटी बंद पडली की दादरच्या कापडवाल्यांपासून लालबागच्या हॉटेलवाल्यांपर्यंत सगळे तुम्हालाच बोलवायचे, कारण तुमच्या हाताखाली कुणाला कधी इजा झालेली नाही अशी तुमची ख्याती होती. ही ख्याती तुम्ही मेल्यावरही तुमच्या फोटोसारखी हार घालून टांगलेली आहे. आज मला तिच्याबद्दल बोलायचं आहे, आणि तुम्ही मध्ये बोलू शकत नाही याचं मला बरं वाटतं.

तुमचे नियम मला अजून पाठ आहेत. पाटीच्या मागे जो लोखंडी डबा असतो, तो घरातली वीज घेऊन तिचे हजारो व्होल्ट करतो, म्हणून त्याच्याशी सलगी करायची नाही. शिडी बांबूचीच हवी आणि कोरडी हवी. पायात रबरी तळाची चप्पल हवी. भिंत ओली असेल तर काम उद्यावर टाकायचं, मग दुकानदार कितीही ओरडो. ज्योतीसमोर चष्म्याशिवाय बसायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम, जो तुम्ही गिऱ्हाइकांनाही सुनवायचात: जो वर चढणार, त्यानेच आपल्या हाताने मेन बंद करायचा, फ्यूज काढायचा आणि तो स्वतःच्या खिशात ठेवायचा. दुसऱ्याच्या तोंडच्या ‘बंद केलंय’वर कुणी वर चढायचं नाही. मी दहा-अकरा वर्षांची असताना एकदा फुटलेल्या निळ्या नळीतला पारा तळहातावर घेऊन खेळत होते. तो इतका सुंदर पळतो! तुम्ही पाहिलंत आणि हातातली तापलेली काच तशीच टाकून धावत आलात. मला फरफटत मोरीत नेलंत, माझा हात नळाखाली धरून चोळचोळ चोळलात आणि मग कानाखाली वाजवलीत. आई म्हणाली, “अहो, पोर आहे.” तुम्ही म्हणालात, “हात आहे तिचा, हात! परत मिळतो का?” त्या थपडेचा मला कधीच राग आला नाही. उलट कितीतरी वर्षं ती मला तुमच्या मायेची खूण वाटायची. तिचा राग आला तो फार नंतर.

तो, तुमच्या हाताखालचा वायरमन, तुमच्याकडे आला तेव्हा तिशीतला, संसारी माणूस होता. परळच्या चाळीत राहायचा. गिरणीच्या वीजखात्यात बदलीवर कामं केलेली, हात तयार होता. मुलाखत म्हणून तुम्ही त्याला एक गुंतलेली जोडणी सोडवायला दिलीत आणि त्याने ती बोलता बोलता सोडवली. तुम्ही खूश झालात. मग त्याची जात कळली, आणि तुम्ही म्हणालात, “आमच्याकडे शिवाशीव नाही हां. काम बघतो आम्ही, माणूस बघतो.” नंतर तो बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला तेव्हाही तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत. त्याचा कप मात्र कारखान्याच्या खिडकीत पालथा असायचा, दांडी तुटलेला. त्याचा तोच विसळायचा. आई चहा वरून ओतायची आणि तुम्ही वर्तमानपत्र वाचत असायचात. पडद्याच्या अलीकडे तो कधी आला नाही. त्याला कुणी ‘येऊ नको’ असं म्हटलं नव्हतं, आणि तुम्हाला वाटायचं की तेवढ्याने तुम्ही सुटलात.

बाहेरच्या कामावर तुम्ही त्याच्यासाठी भांडायचात, हे मी कबूल करते. लालबागच्या एका हॉटेलात तो पाटीवर चढलेला असताना मालकाने पंख्यासाठी दुसरा फ्यूज घालायला घेतला, तर तुम्ही गल्ल्यावर हात आपटलात. “माझा माणूस वर आहे आणि तुला वारा पाहिजे? पाटी उतरवून नेतो आत्ता!” हे त्यानेच येऊन आम्हाला सांगितलं, पडद्यापलीकडून, हसत हसत. “वहिनी, अण्णा असे भडकले ना, शेट गपगार झाला.” आई हसली, मी हसले. तुमचा केवढा अभिमान वाटला होता मला.

पण आपल्या घराचा मेन होता मागच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या शेजारी. वीज आली तेव्हा बोर्ड तिथे बसला आणि कारखान्याची तारही तिथूनच गेली. त्यामुळे आपल्याच दारावरच्या पाटीचं काम निघालं की तुमचा सगळ्यांत मोठा नियम बंद व्हायचा. फ्यूज तुम्ही काढायचात, देवाच्या फळीवर ठेवायचात आणि आतून ओरडायचात, “काढला रे!” त्याने त्या ओरडण्यावर वर चढायचं. एकदा त्याने विचारलं. मी पडद्याआड अभ्यास करत होते. तो म्हणाला, “अण्णा, फ्यूज माझ्याकडे देता? खिशात ठेवतो. तुम्हीच शिकवलंय.” तुम्ही म्हणालात, “माझ्या घरात माझ्यावर विश्वास नाही काय तुझा?” तो म्हणाला, “विश्वासाचं नाय ओ अण्णा.” “मग चढ की.” तो चढला. आत आल्यावर तुम्ही आईला हळूच म्हणालात, “त्याच्या खिशातनं आलेला फ्यूज परत देवाशेजारी लावायचा. आणि फ्यूज काय धुता येतो?” आई भाकरी थापत राहिली. मीही इतिहासाचं पान उलटलं. पण हे वाक्य मी ऐकलं, अण्णा. तुम्ही ते बोललात.

त्याच दिवसांत संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. गोळीबार झाले, माणसं मेली, आपल्या चाळीतला प्रत्येक जण घरी आल्यावर आधी घसा खाकरायचा, घोषणांनी बसलेला. तुम्ही तर वेडेच झाला होतात. गॅलरीत उभे राहून सांगायचात, “मराठी माणूस एक झाला पाहिजे. कामगार, कोळी, बामण, मराठा, महार, सगळे एक!” लोक माना डोलवायचे. मग तुम्हाला ती कल्पना सुचली. आपल्या दारावरच्या, चाळीच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्याला निऑनमध्ये अक्षरं लावायची: ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’. लालभडक. चौपाटीच्या सभेला जाणारा मोर्चा आपल्या रस्त्याने जाईल तेव्हा ती पेटवायची. कितीतरी दिवस तुम्ही दुसरं काम घेतलं नाहीत. अक्षरं तुम्ही वळवलीत, जोडण्या त्याने केल्या. जोडाक्षरं वळवताना तुम्ही घामाघूम व्हायचात, आणि तो नळीचं दुसरं टोक धरून बसायचा, श्वास रोखून. मला ते दृश्य खरंच आवडायचं, दोन डोकी एका ज्योतीवर वाकलेली. ते दृश्य मी तुमच्याविरुद्धच ठेवते आहे. इतकं जवळ बसूनही तुम्हाला कळलं नाही.

मोर्चाच्या दिवशी संध्याकाळी पाटी लावून पाहिली तेव्हा ‘झालाच’ पेटेना. बाकी सगळं पेटलं, मधला शब्द काळा. चाळीतली पोरं हसली. तुम्हाला ते हसू सहन झालं नाही. दिवेलागणीची वेळ झाली, लांबून घोषणा ऐकू यायला लागल्या होत्या. तुम्ही त्याला म्हणालात, “चढ, जोडणी सुटली असेल.” तो म्हणाला, “अण्णा, उजेड नाय नीट. मोर्चा जाऊ द्या, उद्या करू.” तुम्ही म्हणालात, “उद्या काय मोर्चा परत येणार आहे?” त्याने शिडी लावली. तुम्ही आत आलात, फ्यूज काढलात, “काढला रे!” म्हणून ओरडलात. एरवी तुम्ही फ्यूज फळीवर ठेवायचात. त्या दिवशी तो तुमच्या हातातच राहिला.

मी देवापुढे निरांजन लावत होते. मॅट्रिकचं वर्ष होतं माझं. तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात, तुमचा डावा हात बोर्डावर टेकलेला. घोषणा अगदी दारात आल्या. भिंती हादरत होत्या. तुम्ही पडद्याकडे तोंड करून ओरडलात, “झालं का?” बाहेरून शेकडो गळ्यांतून आलं, “झालाच पाहिजे!” तुम्ही हात वर नेलात. मी म्हटलं, “अण्णा, थांबा. तो नाही बोलला. ते मोर्चावाले आहेत.” तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी हे शपथेवर सांगते, तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, तुम्हाला ऐकू आलं होतं. तुम्ही म्हणालात, “गप्प बस,” आणि फ्यूज खोचलात.

पडदा लाल झाला. बाहेर एकच जल्लोष उठला. लोकांना अक्षरं दिसली होती, सगळी, मधला शब्दसुद्धा. त्या जल्लोषात तो पडल्याचा आवाज बुडाला. मग जल्लोष पुढच्या बाजूने विझत विझत मागे गेला आणि एक बाई किंचाळली. आपण बाहेर धावलो. तो फरशीवर एका अंगावर पडला होता, उजवा हात कोपरापासून वाकडा, बोटं काळी आणि मिटलेली. आजूबाजूला काचा. मोर्चातल्या माणसांनी झेंडे खाली टाकले, कुणीतरी बाकड्याची फळी आणली, त्याला टॅक्सीत घातला आणि परळच्या इस्पितळात नेला. त्याला उचलताना कुणी जात विचारली नाही. कुणी त्याला धरायला कचरला नाही. तुम्ही दारात उभे होतात. टॅक्सीत एक जागा होती. तुम्ही बसला नाहीत.

हवालदार आला तेव्हा तुम्ही म्हणालात, “त्यानेच आवाज दिला, झालं म्हणून. मी विचारलं होतं.” चाळीत म्हणालात, “शंभर वेळा सांगितलं होतं, जोडणीला एकच हात लाव, दुसरा मागे ठेव. ऐकायचाच नाही.” दोन दिवसांत सगळ्या गिरगावाला माहीत झालं की अण्णांचा माणूस निष्काळजी होता. तुमची ख्याती शाबूत राहिली. मी तुम्हाला एकदाच म्हटलं, “अण्णा, मी तिथे होते.” तुम्ही म्हणालात, “तू लहान आहेस. गर्दीत तुला काय ऐकू आलं असणार?” पारा खेळले तेव्हा मी लहान होते, अण्णा. फ्यूजच्या वेळी नव्हते.

आई मला घेऊन इस्पितळात गेली. घरात तुम्हाला न विचारता तिने केलेली ती मला माहीत असलेली पहिली गोष्ट. पेज नेली होती, आपल्या घरच्या डब्यात. त्याची बायको उशाशी बसली होती, तिने आमच्याकडे पाहून मान फिरवली. तो जागा होता. आई म्हणाली, “असं कसं झालं हो? हे म्हणतात, तुम्ही आवाज दिलात.” तो छताकडे बघत होता. म्हणाला, “वहिनी, माझ्या तोंडात तार होती. बांधायची तांब्याची तार, दातात धरलेली. दोन्ही हात कामात. मी आवाज देणार कुठून?” आईच्या हातातला डबा कलंडला. त्याच्या बायकोने तो सरळ केला आणि पहिल्यांदाच बोलली. “तुमच्या घरात यांना फ्यूज काढू दिला असता तर काय झालं असतं ओ? देव पळाला असता?” आई तिथेच खाली बसली.

रात्री तिने तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, “खोटं बोलतोय तो. आणि बोर्ड आत आहे तो काय माझ्यासाठी? तुझ्या सोवळ्यासाठी पाळतो मी सगळं.” आईचा आवाज मी इतका खाली गेलेला कधी ऐकला नव्हता. “माझ्या? मला कधी विचारलंत? मी पेज घेऊन गेले, त्याच्या अंथरुणाला शिवले, तेव्हा माझं सोवळं कुठे होतं?” तुम्ही कूस बदललीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही दादरला गेलात आणि आईने कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलावून आणलं. त्याने देव्हाऱ्याशेजारचा बोर्ड काढला आणि पडद्याबाहेर, कारखान्याच्या भिंतीवर बसवला. जेवणाच्या वेळेपर्यंत काम संपलंसुद्धा. एका सकाळचं काम होतं, अण्णा. इतकी वर्षं तुम्ही ते केलं नव्हतंत, कारण करायचं म्हटलं असतं तर का करतो आहोत ते स्वतःशी म्हणावं लागलं असतं. तुम्ही आलात, भिंतीवरचा चौकोनी पांढरा डाग बघितलात आणि म्हणालात, “मला विचारायचं होतं.” आई म्हणाली, “पान वाढलंय.”

त्याचा हात गेला. कापला नाही, पण बोटं उघडली नाहीत, आणि कंबरेतून तो कायमचा वाकडा चालायला लागला. तुम्ही त्याला भेटायला गेला नाहीत. महाराष्ट्र झाला त्या रात्री मात्र तुम्ही पाटी परत पेटवलीत. स्वतः चढलात आणि चढण्याआधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवलात. मी पाहिलं. चाळीने तुम्हाला हार घातला. आई नंतर सांगायची की तुम्ही झोपेत ओरडता, ‘थांब, थांब’ म्हणता. ती हे मला तुमची कीव यावी म्हणून सांगायची. मला आली नाही. तुम्ही जागेपणी एकदा परळला गेला असतात तर आली असती.

तुम्ही गेल्यावर मीच त्याच्याकडे गेले. तेव्हा मी शीवच्या शाळेत शिकवत होते. तो गिरणीच्या फाटकावर पहारेकरी होता, ओळखीच्यांनी चिकटवून दिलेला. घर तेच. त्याने मला खुर्ची दिली, त्याच्या बायकोने चहा दिला, चांगल्या कपात. मी म्हटलं, “अण्णा गेले.” तो म्हणाला, “कळलं.” मग मी रडायला लागले, आणि तो शांतपणे म्हणाला, “ताई, चहा घ्या, बसा, पण रडू नका. तुमचं रडणं पण आम्हीच सांभाळायचं काय?” मी डोळे पुसले. जरा वेळाने तो म्हणाला, “मी पण होतो ना चळवळीत. परळच्या नाक्यावर लाठी खाल्लेली, हितं, खांद्यावर. तुमच्या अण्णांना सांगणार होतो. त्यांनी कधी विचारलंच नाय.” मी विचारलं, अण्णांचा राग येतो का. तो हसला. “राग? त्यांनी शिकवलं ते सगळं बरोबर होतं. एक अक्षर चुकीचं नव्हतं. म्हणून तर येतो.” निघताना दारापर्यंत आला, वाकडा वाकडा चालत. पुन्हा या, असं तो म्हणाला नाही, आणि मी गेले नाही. तोही आता नाही.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. माझ्या मुलाला तुम्ही चळवळीत उजेड पाडणारे आजोबा म्हणून माहीत आहात, आणि हे वाचलं तर तो आधी माझ्याकडेच बघेल. परवा महाराष्ट्र दिनाला माझ्या नातवाने शाळेत तुमच्यावर भाषण केलं. अंधारात चाळीवर पेटलेली लाल अक्षरं, आणि ती वळवणारे त्याचे पणजोबा, ज्यांनी कामगारांच्या जिवाला जीव दिला. खूप छान बोलला, कुठे अडखळला नाही. त्याला पहिला नंबर मिळाला. अण्णा, ते भाषण मीच लिहून दिलं होतं.